दुसरा कंठ

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सायंसभेंत एका निवृत्त शिक्षकानें केलेलें भाषण)



या देवळाच्या गायनमंडळांत मी एकवीस वर्षें गात होतों. तेव्हां आपण ऐकत होतां तो आवाज आज माझ्यापाशीं नाहीं. हा जो घोगरा स्वर आपल्या कानीं पडत आहे तो मला दुसऱ्यांनीं दिलेला आहे, आणि देणाऱ्यांचे आभार त्याच स्वरानें मानावे, एवढ्यासाठींच मी उभा राहिलों आहें.

इ. स. २०१६ च्या पावसाळ्यांत माझा घसा बसला. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. विडी मात्र सुटली नाहीं. ती तीस वर्षांची सोबतीण! बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाहीं तर घसा तपासून घ्यावा, हें शाळेंत आरोग्याचे धडे शिकविणाऱ्या मला ठाऊक नसावें? मीं सात महिने दवडले. शेवटीं परळच्या टाटा रुग्णालयांत निदान झालें. स्वरयंत्राचा कर्करोग होता व तो कूर्चा भेदून बाहेर आला होता. प्रारंभींच गेलों असतों तर केवळ किरणोपचारानें आवाज राखण्याची आशा होती. आतां संपूर्ण स्वरयंत्र काढावें लागणार होतें.

ही शस्त्रक्रिया कर्करोगासाठीं प्रथम व्हिएन्ना येथें बिलरोथ यांनीं १८७३ सालच्या शेवटच्या दिवशीं केली. परंतु ज्याच्या गळ्यावर सुरी फिरावयाची असते त्यास इतिहासानें धीर येत नाहीं. मीं शल्यवैद्यांस साफ सांगितलें कीं मुका होऊन जगण्यापेक्षां मी असाच घरीं जाईन. त्यांनीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं एक वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारीं बाकावर आणून बसविले. गळ्यावरचा रुमाल किंचित् सारून त्यांनीं तेथील छिद्रावर बोट ठेविलें आणि मजला विचारलें, "मास्तर, चहा घेणार ना?" आम्ही चहा घेतला. त्याच दुपारीं मीं संमतिपत्रावर सही केली.

शस्त्रक्रियेनंतर मनुष्याचा श्वास नाकातोंडानें चालत नाहीं. तो गळ्याच्या त्या छिद्रांतून चालतो. तेथें कफ अडकला कीं प्राण कासावीस होतो, आणि हांक तर मारतां येत नाहीं. म्हणून माझ्या उशाशीं एक लहान घंटा ठेवली होती. रात्रपाळीची परिचारिका केरळची होती. तिला मराठी येत नव्हतें आणि मला बोलतांच येत नव्हतें. पण घंटेचा पहिला ठोका पडतांच ती येई, यंत्रानें कफ ओढून घेई आणि माझा श्वास संथ होईपर्यंत हात धरून उभी राही. एका रात्रीं मीं ती घंटा नऊ वेळां वाजविली. नवव्या वेळीं ती पहिल्या वेळेइतक्याच सौम्य मुद्रेनें आली. मीं पाटीवर "क्षमा" असें लिहिलें. तिला तें वाचतां आलें नाहीं. तिनें पाटी पुसून कोरी करून माझ्या हातीं दिली. आयुष्यभर मुलांच्या पाट्या तपासल्या, पण कोरी पाटी एवढी बोलतांना मीं कधीं पाहिली नव्हती.

जखम भरल्यावर वाचोपचार करणाऱ्या बाईंकडे माझी रवानगी झाली. वयानें माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधील भिंतींत सिलिकोनची एक लहानशी झडप बसवितात. ही युक्ति अमेरिकेंत ब्लॉम आणि सिंगर यांनीं १९८० च्या सुमारास प्रचारांत आणिली. छिद्रावर बोट ठेवून श्वास सोडला कीं हवा झडपेंतून अन्ननलिकेंत शिरते, तेथील भिंती थरारतात आणि स्वर निघतो. सांगावयास सोपें आहे! मजकडून आठ दिवस नुसता फुसकारा निघत होता. बाई म्हणत, "मास्तर, 'आ' म्हणा," आणि मी पहिलींतल्या पोरासारखा रुसून बसें. नवव्या दिवशीं 'आ' उमटला. तेव्हां बाईंनीं तोंड फिरविलें. त्या रडत होत्या, हें मला आरशांत दिसलें.

पुढें किरणोपचाराच्या तीस बैठका झाल्या. पहांटेची गाडी, दादरचा जिना आणि रुग्णालयाबाहेर पदपथावर पथारी टाकून राहिलेलीं परगांवचीं कुटुंबें यांविषयीं बोलावयास बसलों तर रात्र पुरणार नाहीं.

कांहीं गोष्टी गेल्या त्या गेल्याच. बावखलांत पोहणें वर्ज्य झालें, कारण पाणी सरळ फुप्फुसांत जाईल. नातवाच्या वाढदिवशीं मेणबत्ती फुंकतां येत नाहीं. वासही गेला होता. नाकांतून हवाच जात नाहीं, तर वास कसा यावा? पण त्याच बाईंनीं ओठ मिटून जांभई दिल्यासारखा जबडा खालीं नेण्यास शिकविलें, म्हणजे थोडी हवा नाकांत ओढली जाते. घरीं येऊन मीं मोगऱ्याच्या वाफ्यापाशीं महिनाभर अशा जांभया दिल्या. शेजारी हंसले. एके सकाळीं मोगरा आला.

त्या मंडळींपैकीं कोणीही येथें आलेलें नाहीं. निमंत्रण धाडलें होतें. आज तेथें रुग्णांची रांग आहे, असा निरोप आला. ज्यांचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आहे त्यांनीं सभेनंतर मला भेटावें. पहांटेच्या गाडीनें मी सोबत येईन. आतां बोट उचलतों. मला श्वास घ्यावयाचा आहे.