वस्तू उरली, नाव हरपले

(जागतिक वारसा सप्ताहानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी, ताम्रपट, नाणी आणि भग्न मूर्ती उभ्या राहतात. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्यांच्या श्रमांवर राज्ये उभी राहिली, त्या शेतकऱ्याचे, खारव्याचे, सुताराचे, कुंभाराचे दालन आपण किती ठिकाणी पाहिले? आज मी अशाच एका संग्रहालयाच्या निमित्ताने काही विचार मांडणार आहे.

दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात, समुद्रकाठी, बाणावली हे गाव आहे. भगवान परशुरामांनी सह्याद्रीवरून सोडलेला बाण जेथे पडला ते हे गाव, असे लोकपरंपरा सांगते. याच गावात चित्रकार आणि जुन्या वस्तूंच्या जतनाचे जाणकार व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' हे संग्रहालय उभारले. २००९-१० च्या सुमारास ते लोकांसाठी खुले झाले. नांगर, मापे, रांजण, उसाचा लाकडी चरक, कारागिरांची हत्यारे अशा ४,००० हून अधिक वस्तू त्यांनी गावोगाव फिरून मिळवल्या. अनेक वस्तू भंगारात किंवा चुलीत जाण्याच्या वाटेवर होत्या. इमारतीसाठीही पाडल्या गेलेल्या जुन्या घरांची दारे, खिडक्या, खांब वापरले. मला विशेष मोलाचे वाटते ते हे, की वस्तू घेताना गावातील वृद्धांकडून तिचा उपयोगही त्यांनी समजावून घेतला.

या उपयोगाला एवढे महत्त्व कशासाठी? खाजन शेतीचे उदाहरण घेऊ. गोव्यातील नद्यांमध्ये भरतीचे खारे पाणी दूरवर आत येते. चिखलमाती, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी सुमारे १८,००० हेक्टर भूमी या पाण्यापासून सोडवून घेतली. बांधात लाकडी झडपांची दारे बसवली. त्यांना मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि पावसाचे साचलेले पाणी बाहेर जाते. ना इंजिन, ना वीज! पावसाळ्यात तेथे कोरगूट हे खारटपणा सोसणारे भात पिकते, मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते आणि कित्येक ठिकाणी उन्हाळ्यात मीठ पिकवले जाते. ही व्यवस्था गावकरी या ग्रामसंस्थेने सांभाळली. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, तेव्हा ही संस्था येथे रुजलेली होती. तिच्या चालीरीती त्यांना १५२६ च्या सनदेत नोंदवाव्या लागल्या. आता मानशीची एक फळी काचेआड ठेवली आणि खाली 'जुने लाकूड' एवढेच लिहिले, तर पाहणाऱ्याला काय कळेल?

दुसरे उदाहरण रापणीचे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची. एका कुटुंबाचे हे काम नव्हे. सारा वाडा दोराला हात लावतो आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. आपल्या मालवण किनाऱ्यावरही हीच रीत आहे. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत आले, तेव्हा गोव्यातील रापणकारांनी मोठे आंदोलन केले आणि १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. या लोकांत कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती. उपासनापद्धती भिन्न असल्या तरी जाळ्याची गाठ एकच आहे, कारण ती शिकवणारे पूर्वज एक आहेत.

बंधुभगिनींनो, संग्रहालय जाळे सांभाळू शकेल. वाटा घालण्याची न्यायबुद्धी कोण सांभाळणार? संग्रहालय मानस दाखवू शकेल. परंतु खाजनाचा बांध फुटला आणि दुरुस्तीला कोणी धावले नाही, तर खारे पाणी शेतात शिरते आणि भूमी नापीक होते. हे प्रत्यक्षात अनेक ठिकाणी घडले आहे. ज्ञान आधी हातातून जाते, मग तोंडातून जाते, आणि शेवटी भाषेतून त्याचे नावही जाते. नाव गेले की ती वस्तू आपल्याच घरात परकी होते. या विस्मृतीला परकीय सत्तेचे कारण सांगून आज आपली सुटका होणार नाही.

म्हणून एक छोटे काम सुचवतो. त्यासाठी इमारत नको, अनुदानही नको. आपल्या माळ्यावर, पडवीत, गोठ्यात पडलेली एक जुनी वस्तू या आठवड्यात खाली काढा. घरातील अथवा वाडीतील वयोवृद्ध व्यक्तीला विचारा : हिचे नाव काय? तिच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात? ती कोणी घडवली, कोणत्या लाकडाची, कोणत्या ऋतूत वापरत? उत्तरे त्यांच्याच बोलीत वहीत उतरवा, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करा. हे काम मुलांवर सोपवा. आजी सांगते आहे आणि नातू लिहितो आहे, यासारखा दुसरा संस्कारवर्ग नाही. किनाऱ्यावरील गावांत कार्यकर्त्यांनी अशा वह्या एकत्र करून शाळेच्या एका कपाटात ठेवल्या, तरी त्या गावाचे संग्रहालय सुरू झाले असे समजावे.

वस्तू आणखी शंभर वर्षे टिकतील. त्यांची नावे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. तोवर हे काम उरकले पाहिजे.