वजनकाट्याला न दिसणारा मेद



कोल्हापुरात शरीराची चर्चा तालमीवाचून पुरी होत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात उतरणारा मल्ल शंभर किलोंचा असला, तरी ते वजन बव्हंशी मांसाचे असते. तोच मल्ल पुढे जोर-बैठका सोडतो, दूध-तूप मात्र सुटत नाही. काटा तोच आकडा सांगत राहतो आणि पोट सुटलेले असते.

मेद किती, याबरोबरच तो कोठे, हाही प्रश्न आयुर्वेदाने विचारला. सप्तधातूंत मेद चौथा. सुश्रुतांनी त्याचे स्थान उदर व लहान अस्थी असे सांगितले. मोठ्या अस्थींतील ती मज्जा आणि शुद्ध मांसातील स्नेह ती वसा. चरकांनी मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन येथे मानले. वृक्क म्हणजे मूत्रपिंडे. वपावहन म्हणजे आतड्यांवरील मेदाचा पडदा, असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. मूत्रपिंडांभोवती आणि त्या पडद्यात साठणारा हा मेदच आज त्वचेखालच्या मेदापेक्षा अधिक घातक मानला जातो.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचा एक धागा येथे सापडतो.

मात्र सारे संहितेत होतेच, असे म्हणून टाळ्या घेऊ नयेत. चरकांनी प्रमेहाचे स्थूल आणि कृश असे दोन रुग्ण सांगितले, हे खरे; पण त्यांचा कृश रुग्ण दुर्बल आहे, त्याला ते पोषण देण्यास सांगतात. याज्ञिकांचा सडपातळ माणूस तो नव्हे. मेद स्वतः संप्रेरके स्रवतो, हे तर १९९४ साली लेप्टिनचा शोध लागल्यावरच नीट उमगले. प्राचीनांनी डोळ्यांनी पाहिले तेवढे अचूक नोंदवले. त्यांचा गौरव तेवढ्यानेही होतो.

घरोघरी शिवणकामाची फीत असतेच. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून घेर मोजावा (पोट आत ओढण्याचा मोह सर्वांनाच होतो). पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरहून अधिक भरला, तर वजन बेताचे असले तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी.