वीराचें नांव रस्त्यास देण्याविषयीं

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या तरुण मंडळींनीं महोत्सवाच्या समितीपुढें एक सूचना ठेविली आहे. देवळाच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत जी नवी वाट झाली आहे, तिला लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांचें नांव द्यावें, अशी ती सूचना. सूचना आली त्याच दिवशीं तिच्यावर आक्षेपही आला, आणि आक्षेप घेणारे कोणी उथळ गृहस्थ नव्हेत. ते म्हणाले, "फादर, हा कोठचा कोण? आपल्या गांवचा नाहीं, आपल्या भाषेचा नाहीं. आपल्याकडे नांव देण्याजोगीं माणसें झालींच नाहींत काय?" या प्रश्नास सरळ उत्तर मिळालें पाहिजे, म्हणून मी उभा आहें.

प्रथम हे गृहस्थ कोण, तें सांगतों. छोटा नागपुरांत, आजच्या झारखंडांतील गुमला जिल्ह्यांत, जारी नांवाचें खेडें आहे. तेथें एका ख्रिस्ती उरांव घराण्यांत २७ डिसेंबर १९४२ रोजीं, म्हणजे प्रेषित योहानाच्या सणाच्या दिवशीं, त्यांचा जन्म झाला. १९६२ सालीं ते सैन्यांत दाखल झाले. पुढें १४ व्या गार्ड्स पलटणींत आले. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं या पलटणीस गंगासागर येथील ठाणें काबीज करण्याची आज्ञा झाली. हें स्थळ आगरताळ्याच्या पश्चिमेस असून आज बांगलादेशांत आहे. ठाण्याभोंवतीं पक्के मोर्चे होते. एका मोर्च्यांतील हलकी मशीनगन एक्का यांच्या सोबत्यांना टिपूं लागली, तेव्हां ते एकटे त्या मोर्च्यावर धांवून गेले. संगिनीनें त्यांनीं दोघांना मारलें व ती मशीनगन बंद पाडली. त्यांत ते स्वतः फार जखमी झाले. तरीही सुमारें दीड किलोमीटरपर्यंत मोर्च्यामागून मोर्चा जिंकीत ते सोबत्यांसह पुढें गेले. शेवटीं एका इमारतीवरून मोठी मशीनगन आग ओकूं लागली. ते सरपटत तिच्याजवळ गेले, आंत हातबाँब फेंकला, भिंतीवर चढून आंत शिरले आणि तीही बंद केली. त्यानंतर थोड्याच वेळांत त्यांनीं प्राण सोडला. वयास अजून एकोणतीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

संगीन हा शब्द देवळाच्या आवारांत उच्चारतांना मला संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. त्या मोर्च्यांत जे मेले त्यांनाही आया होत्या. नोव्हेंबर महिन्यांत आपण मृतांसाठीं जी प्रार्थना करतों, तींतून त्यांना वगळण्याचा अधिकार आपणांस नाहीं. मग आपण गौरव कशाचा करावयाचा? पहिली मशीनगन बंद पडली तेव्हां एक्का यांना मागें फिरावयास जागा होती. जखमी शिपायास कोणी बोल लावला नसता. पुढील गोळ्यांनीं आपले सोबती पडतील, एवढेंच पाहून ते पुढें गेले. गौरव आहे तो त्या पुढें टाकलेल्या पावलाचा.

सरकारनें त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र दिलें; त्या युद्धांत पूर्व आघाडीवर तें दुसऱ्या कोणासही मिळालें नाहीं. हें पदक ज्यांनीं रेखाटलें, त्या सावित्रीबाई खानोलकर स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या आणि मराठी घरांत सून म्हणून आलेल्या. परका कोण व आपला कोण, हा हिशेब दिसतो तितका सोपा नसतो.

आतां मुख्य मुद्दा. मृतास मूठमाती देणें हें दयेच्या कृत्यांपैकीं एक, असें आपण धर्मशिक्षणांत लहानपणींच शिकतों. एक्का यांचा देह घरीं आला नाहीं. तो दूर त्रिपुरांत पुरला गेला. तेथील माती त्यांच्या जन्मगांवीं पोहोंचावयास २०१६ साल उजाडलें! ज्या घरास मेणबत्ती लावावयास जवळ कबर नाहीं, त्या घराचें दुःख मी निरनिराळ्या धर्मग्रामांत पाहिलें आहे. समुद्रावर गेलेल्यांचीं घरें आपणही जाणतां. अशा घरास, चारचौघांच्या वाटेवर लिहिलेलें नांव ही कबरीच्या खालोखालची जागा होय. रांचीच्या भर बाजारांतील चौकास एक्का यांचें नांव दिलें आहे, तेथें त्यांचा पुतळाही आहे. पण दुकानावरून पडलेलें फिरायालाल चौक हें जुनें नांव अनेकांच्या तोंडून अजून गेलेलें नाहीं.

आणि "हा आपला कोण?" या प्रश्नाचें उत्तर इटलींत मिळतें. आपल्या कोंकणांतील माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, हे १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत लढतां लढतां पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कोठेंही नाहीं. संत बेनेदिक्ताच्या मठाच्या डोंगराखालीं, कासिनो येथील स्मारकावर, नांव तेवढें कोरलेलें आहे. त्या खोऱ्यांतील मोंतोने या लहानशा गांवीं २०२३ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारण्यांत आली. मोंतोनेच्या कॅथलिक लोकांचा माणगांवच्या हिंदु शेतकऱ्याच्या मुलाशीं काय संबंध होता? त्यांची भाषा एक नव्हती, धर्म एक नव्हता. तरी त्यांनीं आपल्या गांवांत त्यास जागा दिली. आपल्या प्रांताच्या पुत्रास परक्यांनीं दिलेला हा मान आपण घेतला आहे. छोटा नागपुराच्या पुत्रास जागा देतांना आतां आपण गांव व भाषा विचारावी, हें मला रुचत नाहीं.

माझी मात्र एक अट आहे. मुंबईंत स्वामी विवेकानंदांच्या रस्त्याचें 'एस. व्ही. रोड' झालें व शास्त्रीजींच्या मार्गाचें 'एल. बी. एस.' झालें. रिक्षावाल्यास विचारा, अक्षरें ठाऊक, मनुष्य ठाऊक नाहीं. आपल्या वाटेचें 'ए. ई. रोड' होणार असेल तर फलकाचा खर्च वांचवावा हें बरें. फलकावर पूर्ण नांव, जन्मगांव, गंगासागर हें स्थळ व १९७१ हें साल, सर्व देवनागरींत असावें. शाळेंतील मुलांनीं तें वाचून घरीं विचारावें, आणि घरीं कोणास तरी सांगतां यावें. ३ डिसेंबरच्या मिस्सेंत त्यांचें नांव घेण्याचें काम माझ्याकडे.

नांव देण्याचा ठराव करणें हें पालिकेचें काम; आपण अर्ज करूं शकतों. अर्ज समितीच्या मेजावर ठेविला आहे. आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांस मीं काल तो वाचावयास दिला होता. त्यांनीं सही केलेली नाहीं. जन्मगांवाचें नांव चुकीचें लिहिलें होतें, तें मात्र लाल शाईनें दुरुस्त करून दिलें आहे.