पटाशेजारचे घड्याळ



संगणक-बुद्धिबळाच्या या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. स्वागताध्यक्षाला दिलेला वेळ आणि त्याने घेतलेला वेळ यांची सहसा गाठ पडत नाही. तेव्हा विषयही वेळेचाच घेतलेला बरा.

४० खेळ्यांना दोन तास, म्हणजे खेळीमागे तीन मिनिटे. हा हिशेब शाळकरी पोरही करेल. पण सगळ्या खेळ्या सारख्या किमतीच्या कुठे असतात? म्हणून प्रोग्राम आधी एका खेळीपुरते पाहतो, मग दोन, मग तीन. १९७०च्या दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी अ‍ॅटकिन यांच्या प्रोग्रामने ही रीत रुळवली. घड्याळाने केव्हाही हटकले, तरी मागच्या फेरीचे उत्तर हाताशी असतेच.

मग थांबायचे कधी?

‘डीप ब्लू’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला वेळेच्या दोन मर्यादा घालून दिल्या होत्या. एक नेहमीची, दुसरी आणीबाणीची, उरलेल्या वेळेच्या साधारण एक तृतीयांश. निवडलेल्या खेळीचे मूल्य अचानक घसरले, की यंत्राने पहिली मर्यादा ओलांडायची. मे १९९७, न्यूयॉर्क, जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हविरुद्धचा दुसरा डाव, ३६वी खेळी. वजीर आत घुसवून प्यादी टिपायची, असे यंत्राचे जवळपास ठरले होते. मूल्य घसरले. यंत्र कितीतरी मिनिटे अडून बसले आणि शेवटी त्याने प्याद्याने प्यादे मारण्याची शांत खेळी केली. यंत्र असा मोह आवरेल हे कास्पारोव्हला पटेना. त्याने मानवी हस्तक्षेपाचा संशय घेतला. ४५व्या खेळीनंतर त्याने डाव सोडला. पुढे जाहीर झालेल्या यंत्राच्या नोंदींत दिसला तो लांबलेला विचार.

२०१७ साली ‘अल्फाझिरो’ या प्रोग्रामने ‘स्टॉकफिश’ या दुसऱ्या प्रोग्रामला १०० डावांत २८ वेळा हरवले, एकदाही न हरता. पण खेळीमागे ठरीव एक मिनिट होते. वेळ कुठे राखायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे स्टॉकफिशचे कसबच त्यामुळे बाद झाले, असा आक्षेप त्याच्या जनकांपैकी टॉर्ड रोमस्टाड यांनी घेतला. आक्षेप रास्तच होता. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या १,००० डावांच्या सामन्यात प्रत्येकी तीन तास आणि खेळीमागे १५ सेकंद जादा मिळाले. तरीही अल्फाझिरोने १५५ डाव जिंकले, सहा गमावले.

स्वागताध्यक्षाची आणीबाणीची मर्यादाही आता संपत आली आहे. पहिल्या सत्राचे घड्याळ सुरू करावे, अशी अध्यक्षमहोदयांना विनंती.