दुर्मिळ रोग, महाग औषध आणि पिंपरीचा कारखाना

(पुणे येथे पक्षकार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोशे हा फार थोड्यांना होणारा आनुवंशिक रोग आहे. शरीरातील एका स्निग्ध द्रव्याचे विघटन करणारे विकर त्यात अपुरे पडते. ते द्रव्य प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांत साचते. पोट फुगते, रक्त घटते, हाडे ठिसूळ होतात. विकराची ही उणीव १९६० च्या दशकात रॉस्को ब्रॅडी यांनी अमेरिकन सरकारच्या संशोधनसंस्थेत, म्हणजे जनतेच्या पैशावर, शोधून काढली. पुढे निघालेल्या एलिग्लुस्टॅट या कॅप्सूलचे मूळ संशोधनही मिशिगन विद्यापीठातले. बाजारात मात्र ती कंपनीची मालमत्ता झाली.

आयात कॅप्सूलचा वार्षिक खर्च १ कोटी ८० लाख ते ३ कोटी ६० लाख रुपये होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, की देशात बनलेल्या त्याच औषधाला वर्षाला ३ ते ६ लाख लागतील. साठावा हिस्सा! संशोधनाचा खर्च भरून काढावा लागतो, ही सबब या आकड्यांपुढे कितपत टिकते?

मे २०२२ पासून दुर्मिळ रोगाच्या रुग्णास ठरावीक केंद्रांत उपचारासाठी ५० लाखांपर्यंत सरकारी साहाय्य मिळू शकते, मुंबईचे के. ई. एम. हे त्यांपैकी एक केंद्र. आयात औषधाच्या कमीत कमी खर्चाने ही रक्कम साडेतीन महिनेही पुरत नाही. देशी औषधाने ती आठ ते सोळा वर्षे पुरते. औषध मात्र जन्मभर घ्यावयाचे असते, आणि वर्षाला ३ लाख हीसुद्धा कामगाराच्या घरात न मावणारी रक्कम आहे. शिवाय मूठभर रुग्णांसाठी खाजगी कारखानदार उत्पादन किती काळ चालू ठेवील, हे त्याच्या नफ्यावर अवलंबून.

पुणेकरांना येथे पिंपरी आठवावी. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन सार्वजनिक क्षेत्रात तयार करून दाखविले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच कंपनीची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा आणि पुढे कंपनीच विकण्याचा निर्णय घेतला. पेनिसिलिन किण्वनाने होते, ही कॅप्सूल रासायनिक संश्लेषणाने. यंत्रसामग्री निराळी लागेल, हे मान्य. पण राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून याच शहरात, पाषाणला, उभी आहे. दुर्मिळ रोगांच्या औषधांचे उत्पादन पिंपरीत आणि त्यामागील रसायनकार्य पाषाणला व्हावे, ही मागणी पक्षाने कामगार संघटनांना बरोबर घेऊन दिल्लीपुढे मांडावयाची आहे.