बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले

मागच्या भागात बऱ्याच जणांनी विचारलं, "तू देव मानतोस का?" घरी आईसुद्धा हेच विचारते आणि मी विषय बदलतो. कारण उत्तर दिलं की कुठल्यातरी बाजूला आपलं नाव नोंदवलं जातं. म्हणून आज रेव्हरंड ना. वा. टिळकांबद्दल बोलूया. शाळेत त्यांच्या फुलांच्या, मुलांच्या कविता होत्या ना, तेच.

१८९३ मध्ये टिळक रेल्वेनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, म्हणाला वाचा. १८९५ मध्ये या चित्पावन ब्राह्मणानं मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना आधी पत्ताच नाही! पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. 'स्मृतिचित्रे' वाचा, त्यात त्या हे दुःख इतकं हसत सांगतात की आपल्यालाच गलबलून येतं. तत्त्वासाठी घर मोडणाऱ्या टिळकांचा मला इथे रागही येतो, खरं सांगतो.

पण माणूस नुसता या कंपनीतून त्या कंपनीत गेला नव्हता. तुकाराम त्यांनी सोडलाच नाही. उलट म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्ताकडे आलो. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांनी चर्चमध्ये अभंग आणले, भजन आणलं, कीर्तन आणलं. विलायती चालींवरची गाणी मराठी माणसाच्या तोंडी बसत नव्हती.

आता राजकारण बघा. मिशनची सूत्रं परदेशी लोकांकडे. ख्रिस्त आशियातला, भक्त मराठी, आणि मंडळी कशी चालवायची हे ठरवणार बाहेरचे? टिळकांना हे सलत होतं. १९१७ मध्ये, वीसेक वर्षांनंतर, त्यांनी मिशन सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूला गुरू मानणाऱ्या सगळ्यांसाठी: बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही. म्हणजे अकाउंट उघडलं नसेल तरी आत या!

विचार करा, ज्या बाप्तिस्म्यासाठी स्वतःचं घर पणाला लावलं, तोच दारावरची अट म्हणून ठेवायचा नाही. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचेना.

दरबार मोठा व्हायच्या आतच, १९१९ मध्ये टिळक गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. हो, त्याच लक्ष्मीबाईंनी, ज्यांना बाप्तिस्म्याचं आधी कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या भागात त्यांच्याबद्दलच बोलू.