दारापाशी कोण आहे?



एप्रिल-मे आला की पुणे जिल्ह्यातल्या आपल्या माण गावात भाड्याच्या खोल्यांना भराभर कुलपं लागतात. कुणी मराठवाड्यात गावी जातं, कुणी खानदेशात. राजीव गांधी इन्फोटेक पार्क इथवर आलं, शेतं गेली, चाळी आणि टॉवर उभे राहिले. शेजारच्या खोलीत कोण राहतं, हे आता जुन्या गावकऱ्यालाही सांगता येत नाही. अशा ठिकाणी रात्री खुट्ट झालं की माणूस दचकणारच. मला बोलायचंय ते त्या वेळी त्याच्या हाताला काय लागतं, याबद्दल.

घरफोडीची बातमी वाचा. ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द तिच्यात हमखास भेटतात. कुलपाशी झटापट कोण करतो? पहार कोयंड्याखाली घातली की काम झालं. आपण महागाचं कुलूप आणतो आणि कोयंडा मात्र अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकत ठेवतो. तिथे फळीच्या आरपार जाणारे बोल्ट घाला, नट आतून आवळा. चौकट वाळवीने पोखरली असेल तर आधी सुताराला बोलवा. दाराच्या जाडीत बसणारं कुलूप असेल तर घर बंद आहे हे रस्त्यावरून दिसतही नाही. मागच्या बोळात हालचालीने पेटणारा दिवा लावा. चोराला अंधार आणि वेळ लागतो; दोन्ही काढून घ्यायचे. खिडकीच्या ग्रिलचा एक भाग मात्र आतून उघडता यावा, आगीत तोच तुमचा रस्ता असतो.

कुंपणाच्या तारेत वीज कुणीही, कधीही सोडू नये. चेंडू शोधायला आलेलं पोर आणि पहाटे फुलं तोडायला आलेली आजी त्या तारेला चोरासारखीच. मिरचीचा फवारा जवळ ठेवणाऱ्यांनीही जपावं. बंद खोलीत तो मारला तर आपलीच मुलं गुदमरतात. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात त्याला घातक हत्यार म्हटलं आणि वापरणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला.

कायदा घरमालकाला वाऱ्यावर सोडत नाही. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत बचाव करताना प्रसंगी समोरच्याचा जीव गेला, तरी भारतीय न्याय संहितेचं 41 वं कलम संरक्षण देतं. पण 37 वं कलम गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. पकडून बांधलेल्या माणसाला मारणं हा बचाव नव्हे.

आता राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. 16 एप्रिल 2020 रोजी पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेला बळी पडले. आपण आपली पोरंबाळं राखतोय, असंच त्या गर्दीतल्या कित्येकांना वाटलं असेल. म्हणून मला भीती वाटते ती उशाखालच्या कोयत्याची. आपल्याकडे रात्री दार ठोठावतो तो कोण असतो? पत्ता चुकलेला डिलिव्हरीवाला, मजला विसरलेला भाडेकरू, रात्रपाळीहून लवकर सुटलेला आपलाच मुलगा. दाराची साखळी न काढता ‘कोण आहे?’ विचारलं, तर आपली चूक आपल्याला कळायला वेळ मिळतो. कोयता चालला की तो वेळ गेला.

आणि एकट्याने का लढायचं? पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. 18002703600 वर फोन करून बोललं की तो आवाज नोंदणी केलेल्या गावकऱ्यांच्या मोबाईलवर पोहोचतो. आपल्या वाड्यावस्त्यांवर, सोसायट्यांत अशी साखळी हवी. फोन वाजला की दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा, 112 वर कळवायचं. संशयित सापडलाच तर त्याच्याभोवती उभं राहून पोलीस येईपर्यंत त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड आहे. ते कोण करणार, हे आधीच ठरवून ठेवा.

ज्यांचे नंबर अजून कुणाकडेच नाहीत, ते इथे खोल्या घेऊन राहणारे लोक. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. आज सभा संपल्यावर भाडेकरूंनी आपली नावं आणि नंबर आधी लिहावेत, आणि गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी थोडं थांबावं.